चाकाखालचा ठोकळा

ब्लाझेनाला गाडी चालवता येत नव्हती, असं कुणी समजू नये. शाळेच्या स्वयंपाकघरात ती तीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण होती. बटाट्याची पोती आणि गरम सूपची पिंपं आपल्या छोट्या गाडीत घालून ती तीन गावांतल्या शाळांना पोचवायची, बर्फात आणि धुक्यातसुद्धा. कधी कुणाच्या कुंपणाला घासली नाही. पण बापाच्या लिस्कापुढे ही सगळी हुशारी शून्य होती.

लिस्का म्हणजे मोटार, १९२७ सालची. ब्लाझेनाचे आजोबा गिरणीवाले. त्यांनी कपाळावर पांढरा पट्टा असलेली आपली घोडी विकून ही मोटार घेतली आणि घोडीचंच नाव तिला दिलं. युद्धात लिस्का पिठाच्या पोत्यांमागे लपली, पुढे सगळं सरकारजमा होण्याच्या दिवसांत गवताखाली. गिरणी गेली, शेतं गेली, लिस्का तेवढी राहिली. आमच्या ओल्शिंकी गावात तिला एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा मान आहे, आणि ब्लाझेनाचे वडील वेंदेलिन बार्ता तिच्या चाकाला मुलीचा हातही लागू देत नसत.

मी हिनेक. पोस्टमन होतो. वेंदेलिनकाकांच्या शेजारच्या सीटवर मी बावीस वर्षं मांडीवर ठोकळा घेऊन बसलो आहे. तेव्हा ही हकिगत सांगायचा अधिकार माझा आहे, खानावळवाल्या मातुलाचा नाही. तो सांगतो तेव्हा अर्धी हकिगत त्याच्या बिअरचीच असते.

ठोकळ्याचं असं आहे. जुलैमध्ये, प्रवाशांचा राखणदार संत क्रिस्तोफ याच्या रविवारी, पंचक्रोशीतल्या जुन्या मोटारी कोपानिना टेकडीवरच्या देवळीपर्यंत चढतात आणि पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो. रस्ता दीड किलोमीटरचा, वळणं दोन. दुसरं वळण लिंडनच्या झाडांखाली आहे आणि तिथला चढ अंगावर येतो. या मोटारींचे हातब्रेक सपाटीवर लाज राखण्यापुरते असतात. म्हणून प्रत्येक चालकाशेजारी एकजण ॲश झाडाच्या लाकडाचा ठोकळा घेऊन बसतो. मोटार दमली की त्याने उडी मारायची आणि ठोकळा मागच्या चाकाखाली सरकवायचा. वर पोचल्यावर पाद्री विचारतो, ‘‘कोरा की मळका?’’ ठोकळा मळका असला तरी कुणी हसत नाही. पण कोरा असला तर सगळा गाव टोपी काढतो.

वेंदेलिनकाकांचा ठोकळा दर वर्षी कोरा असे.

मग काकांचे डोळे गेले. हळूहळू गेले, आणि एका वसंतात त्यांना अंगणातलं अक्रोडाचं झाडही दिसेना. दोन वर्षं लिस्का शेडमध्ये उभी राहिली. मग एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो, तेव्हा काकांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘लिन्त्स शहरातले एक गृहस्थ जुन्या मोटारी जमवतात. त्यांना मी संत क्रिस्तोफला बोलावलंय.’’

‘‘कशाला?’’ ब्लाझेनाने विचारलं.

‘‘न्यायला. जी चालत नाही ती मोटार नव्हे, लोखंड.’’

‘‘मी चालवीन.’’

‘‘तू सूप ने.’’

ब्लाझेना उठली नाही, रडली नाही. तिने बापाच्या ताटात क्नेडलिकचा, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या लोळीचा, आणखी एक काप वाढला आणि म्हणाली, ‘‘बाबा, मी त्या रविवारी ठोकळा न लावता वर आणली तर लिस्का माझी. लावावा लागला तर ते गृहस्थ घेऊन जाऊ देत.’’

काकांनी घास गिळला. ‘‘कबूल,’’ म्हणाले.

मला त्या म्हाताऱ्याचा इतका राग आला की मी कॉफीसुद्धा न पिता घरी आलो. का, ते पुढे सांगतो.

शिकायला अकरा आठवडे होते. पहिली अडचण पायांची. लिस्कामध्ये डावीकडे क्लच, मधे ॲक्सेलरेटर आणि उजवीकडे ब्रेक. रोजच्या गाडीत मधे ब्रेक असतो. पहिल्याच दिवशी मातुलाच्या खानावळीसमोर ब्लाझेनाला थांबायचं होतं. तिने चाळीस वर्षांच्या सवयीने मधलं पेडल दाबलं आणि लिस्का बाहेरच्या बाकांवर चाल करून गेली. दोन बाक मोडले. मातुला दारात हात पुसत उभा राहिला.

‘‘ब्लाझेनाबाई, दार उघडंच असतं. पायी आलात तरी बिअर मिळते.’’

‘‘बाक उद्या दुरुस्त करून देते.’’

‘‘राहू दे. पुढच्या आठवड्यात याल तेव्हा एकदमच करू.’’

त्या संध्याकाळी तिने स्वतःच्या गाडीची चावी शेजारणीला दिली, सूप पोचवायचं कामही तिलाच सांगितलं, आणि सायकल काढली. पायांना दोन भाषा एकदम शिकवायच्या नाहीत, म्हणाली. स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली तिने पातेल्यांची तीन झाकणं मांडली. बटाटे सोलता सोलता पाय चाले, डावं, मधलं, उजवं. झाकणांचा आवाज रस्त्यापर्यंत येई. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

दुसरी अडचण हँडलची. लिस्का पुढून हँडल फिरवून सुरू करायची असते. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलभोवती गुंडाळायचा नाही, आणि त्याआधी, ठिणगी उशिरा पडावी म्हणून, ठिणगीचा दांडा मागे ओढायचा. एका सकाळी ती दांडा ओढायला विसरली. हँडल उलटं फिरलं आणि तिचं मनगट मुरगळलं. अंगठा नीट ठेवला होता म्हणून हाड वाचलं. तीन आठवडे तिने दोनशे मुलांचं गुलाश डाव्या हाताने ढवळलं, आणि डाव्याच हाताने लिस्का सुरू करायला शिकली.

आणि मोटार सांभाळायची म्हणजे नुसती चालवायची नव्हे. जून कडक निघाला. लाकडी आरे वाळून कुरकुरू लागले, तर ब्लाझेनाने शाळेतली जुनी टेबलक्लॉथं भिजवून चाकांना गुंडाळली. इंजिनच्या सांध्यात बसणारं एक गॅस्केट कुठेच मिळेना. तिने कॉर्कचा जाड तुकडा आणला आणि केक कापायच्या सुरीने तसंच कापून बसवलं. आजही ते गळत नाही. तिच्या नखांतलं ग्रीस पाहून शाळेतली एक शिक्षिका कुरकुरली, तेव्हा ब्लाझेनाने तिला नखं दाखवली आणि म्हणाली, ‘‘हे तीनदा धुतलंय. आता हे माझंच आहे.’’

खरी अडचण गिअरची होती. चढावर दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात यायचं, तर क्लच दाबा, गिअर काढा, क्लच सोडा, मधल्या पेडलवर नेमका हवा तेवढा जोर द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअरचा दांडा सरकवा. जोर थोडा कमीजास्त झाला की दात दातांवर घासतात आणि सगळ्या गावाला कळतं. हे सगळं मोटार दमून थांबायच्या आत व्हायला हवं. जुन्या खाणीच्या चढावर आम्ही रोज जात होतो. मी मागे वीट लावायचो, ती पुन्हा सुरू करायची. कोपानिनावर मात्र सरावाला जायचं नाही, असा रिवाज आहे. तो रस्ता सणालाच चढायचा.

पहिले सात आठवडे नुसती खरखर. मग एकदा ती म्हणाली, ‘‘हिनेकदादा, क्नेडलिक दोऱ्याने कापताना मी घड्याळ बघते का? दोरा कधी ओढायचा ते हातालाच कळतं. मी डोक्याने करतेय, तिथेच घोळ आहे.’’ दुसऱ्या दिवसापासून चढ आला की ती शाळेतल्या पोरांच्या गप्पा सांगू लागली. बोलता बोलता दांडा सरकायचा. दहातून चारदा आवाज यायचा नाही, मग दहातून सातदा.

सात म्हणजे दहा नव्हे. आदल्या दिवशी दुपारी मला राहवेना.

‘‘ब्लाझेना, तुला एक सांगायचंय. तुझे बाबा...’’

‘‘सीटखालचा ठोकळा ना?’’ ती चाकाची टोपी पुसत होती. ‘‘मेमध्ये झाडताना सापडला. पुन्हा तिथेच ठेवला.’’

आता मी का चिडलो होतो ते सांगतो. वेंदेलिनकाका बावीस वर्षांत एकदाही त्या दुसऱ्या वळणावरून सरळ चढले नाहीत. दर वर्षी लिंडनखाली, जिथलं खालून दिसत नाही आणि वरूनही, लिस्का थांबायची. मी उडी मारायचो, सीटखालचा ठोकळा लावायचो, काका पहिला गिअर घालायचे, मी ठोकळा उचलून पुन्हा चढून बसायचो. आणि वर पोचून मांडीवरचा दुसरा, कोरा ठोकळा दाखवायचो. पहिल्या वर्षी काका म्हणाले, ‘‘हिनेक, एवढी एक वेळ सांभाळून घे,’’ आणि मी गप्प राहिलो. नंतर गप्प राहायची सवयच झाली. स्वतःला जे कधी जमलं नाही, ते हा माणूस पोरीकडून मागत होता.

‘‘मग बोलली का नाहीस?’’ मी विचारलं.

‘‘डोळे गेलेत त्यांचे. अजून काय काढून घेऊ?’’

रविवारी देवळीपाशी सगळा गाव होता. लिन्त्सचे गृहस्थ आले होते, सभ्य माणूस, रिकामा ट्रेलर घेऊन. काकांना कुणीतरी देवळीच्या कठड्यावर नेऊन बसवलं होतं. आम्ही खालून निघालो. पहिलं वळण दुसऱ्या गिअरमध्ये पार झालं. ब्लाझेना मला तिसरीतल्या एका पोराची गोष्ट सांगत होती, ज्याला पालकाचं सूप आवडत नाही आणि तो ते टोपीत ओततो. लिंडनची सावली आली आणि लिस्काचा श्वास जड झाला. माझा पाय आपोआप पायरीवर गेला.

‘‘बसा,’’ ब्लाझेना म्हणाली. ‘‘आणि मग एकदा त्याने तीच टोपी डोक्यात घातली.’’

दांडा सरकला. मला आवाज आला नाही. लिस्का जराशी हलली आणि पहिल्या गिअरमध्ये चढू लागली. मी इतका वेड्यासारखा बसलो होतो की पाय आत घ्यायचंही सुचलं नाही.

मातुलाने नंतर सांगितलं, की वर काका कान देऊन बसले होते. लिंडनपाशी इंजिनचा आवाज नेहमी एकदा पडतो, तसा या वेळी पडला नाही. तेव्हा काकांनी हातातली काठी कठड्याला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले.

आम्ही देवळीसमोर थांबलो. ब्लाझेनाने उजव्या पायाने ब्रेक लावला, हे मी मुद्दाम बघितलं. पाद्रीने विचारलं, ‘‘कोरा की मळका?’’ मी मांडीवरचा ठोकळा उंच धरला. टोप्या निघू लागल्या.

‘‘तो नको,’’ काका म्हणाले.

सगळे थांबले. काका कठड्यावरून उठले आणि आवाजाच्या अंदाजाने लिस्कापर्यंत आले. ‘‘सीटखालचा दे, हिनेक.’’

‘‘काका, कशाला आता.’’

‘‘दे म्हणतो ना.’’

मी वाकून तो काढला. कडा झिजलेल्या, बावीस वर्षांचे खडीचे व्रण सगळीकडे. पाद्री बघत होता, मातुला बघत होता, आणि काय ते हळूहळू एकेकाच्या ध्यानात येत होतं. काकांनी ठोकळा दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याने कडा चाचपल्या, मग सपाट बाजू. तिथे त्यांची बोटं थांबली. लाकडाला कोळ्याचं जाळं लागलं होतं. त्यांनी ते बोटांवर घेतलं आणि दुसऱ्या बोटांनी चोळून पाहिलं.

‘‘मी चालवत होतो तेव्हा याला कधी जाळं लागलं नाही,’’ ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. ‘‘तिथून न थांबता चढताना लिस्काला एकदा तरी ऐकायचं होतं मला.’’

मग त्यांनी मुलीकडे, म्हणजे ती जिथे बसली होती त्या दिशेला, तोंड केलं आणि टोपी काढली. ब्लाझेना खाली उतरली आणि तिने दार उघडून बापाला माझ्या जागेवर बसवलं.

लिन्त्सच्या गृहस्थांनीही टोपी काढली होती. ते आमच्या पंगतीला जेवले, कोलाचे नावाचे दोन गोड पाव बांधून घेतले आणि रिकामा ट्रेलर घेऊन गेले. मी टेकडी पायी उतरलो.