मंगलकामनेचं बटन

बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी मीच बनवली होती. शूटिंगवाल्याने कॅसेटी हातात दिल्या, पुढचं काम मी ऑफिस सुटल्यावर संगणकावर केलं. सॉफ्टवेअरमधली मेनूची तयार बटनं म्हणजे नुसते निळे चौकोन. मी पिंपळाचं पान काढलं आणि त्याची सहा बटनं केली: वरात, वंदना, पुष्पहार, मंगलकामना, जेवण, निरोप. रिमोटने ज्या पानावर जाल ते सोनेरी व्हायचं. देठ नीट वळावा म्हणून दोन संध्याकाळी घालवल्या.

मग मंगलकामनेचं पान काढून टाकलं.

आमच्याकडे लग्न लागलं की वडीलधारी माणसं माइकवर मंगलकामनेचे दोन शब्द बोलतात. वडील नव्हते, म्हणून त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, उभे राहिले आणि वीस मिनिटं बोलले. "लोकायची ढोरं चारली आम्ही. याच्या मायनं शेणाच्या टोपल्या वाहल्या. आज हा सायब झाला, अन् बहिणीचं लग्न हालमंदी लावून राह्यला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण डिस्कच्या प्रती मी यवतमाळच्या ऑफिसातल्यांना देणार होतो. त्यांच्या टीव्हीवर ते शेण मला नको होतं.

भाषण पुसलं मात्र नाही. ते डिस्कवर होतं, तिथे नेणारं बटन तेवढं नव्हतं. प्रत्येक भाग संपला की पुन्हा मेनू यावा अशी सोय केली, म्हणजे चुकूनही कुणी तिथे पोचणार नाही. उरलेली पाच पानं सारख्या अंतरावर मांडली.

पुसदला त्यांच्या घरी डिस्क लावली तेव्हा मोठ्या बाबांनी रिमोट स्वतःकडे घेतला. पाचही पानं एकेक करून सोनेरी केली. पुन्हा पहिल्यापासून.

"बाबू, माह्यं भाषण कोन्त्या पानात हाय?"

"ते भरलंच नाही, मोठे बाबा. कॅसेट खराब निघाली."

"माइक तोंडात घालून बोलत होते तुमी," मोठी आई हसली. "मशीन घाबरली असंन."

"असंन बाप्पा," तेही हसले. "मले कुठी येते माइक धरता."

घरातल्या पुढच्या लग्नात त्यांनी माइक हातभर लांब धरला. कॅमेरावाल्याला विचारलं, "भरून राह्यलं ना?" दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मागच्यांना काहीच ऐकू गेलं नाही. मी दुसऱ्या रांगेत होतो. उठून सांगता आलं असतं.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात ते पान मी परत जोडलं. नवी डिस्क घेऊन पुसदला गेलो, खरं सांगायचं असं ठरवूनच. मोठ्या बाबांनी बटन दाबलं आणि स्वतःचा काळ्या केसांचा चेहरा बघत बसले. वीसच्या वीस मिनिटं पाहिली. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय डोकं हाय बे तुह्यं! खराब कॅसेट दुरुस्त केली?"

मी हो म्हणालो.

आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला डिस्क दाखवतात, त्याआधी माझं कौतुक सांगतात. परवा फोन आला. शेजाऱ्याच्या लग्नाची कॅसेट बुरशी लागून खराब झाली आहे. "मी सांगतलं त्याले, माह्या पुतण्याले येते." ती घेऊन ते रविवारी स्वतः येणार आहेत. त्यांना काय सांगायचं ते मला माहीत आहे. गेल्या महिन्यातही माहीत होतं.