मुंगी न लागणारी पेटी

पेटीचं झाकण लावून झालं की काका त्यावर नाक टेकवत आणि डोळे मिटून घेत. मग मान हलवून म्हणत, "वास नाय तं अस्वल नाय." आम्ही तोंड फिरवून हसत असू. तुम्हीही हसला असता.

दुसरी मोठी लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. तुंगारेश्वरामागच्या रानाची मोजणी चालली होती आणि आमचा मुक्काम कामणच्या वरच्या अंगाला, तंबूंत होता. मी आगाशीचा, नोकरीत नवा, नकाशे काढणारा. काका नायगावच्या खाडीकाठचे शेतकरी. मुक्कामाची कोठी आणि चूल त्यांच्याकडे. त्या रानात डुकरं होती, बिबट्या होता, पण अस्वल क्वचितच कुणी पाहिलेलं. काकांनी तरुणपणी पाहिलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरलं होतं.

कोठीसाठी पेटी घ्यायला ते वसईच्या बाजारात गेले तेव्हा मी सोबत होतो. लाकडी पेटी त्यांनी हात लावूनच परत केली. "नखानं उपटंल." पत्र्याच्या ट्रंकेवर ते चक्क उभे राहिले, आणि दुकानदार हां हां म्हणेपर्यंत झाकण चेपलं. त्याची समजूत घालून ती ट्रंक आणि लष्कराच्या मोडीतली एक जाड लोखंडी पेटी, झाकणाला आतून रबर असलेली, त्यांनी मागून घेतली. "उद्या सांगतो. आधी मुंग्यांना इचारतो."

दोन्हींत गुळाचा खडा ठेवून त्यांनी त्या आपल्या नायगावच्या घरामागे वारुळाजवळ मांडल्या. सकाळी ट्रंकेला मुंग्यांची काळी रांग लागली होती. लोखंडी पेटीकडे एकही मुंगी फिरकली नव्हती. काकांना एवढा आनंद झाला की बघणाऱ्याला वाटावं, लेकीचं लग्न जमलं.

ही पेटी तंबूंपासून पन्नास पावलांवर, आंब्याच्या फांदीला विहिरीची कप्पी बांधून टांगलेली असे. सकाळी आम्ही मोजणीला निघण्याआधी काका सगळ्यांना पिशव्या उलट्या करायला लावत. एकदा साताऱ्याकडच्या एका गड्याच्या पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू निघाले. तो चिडला. काका म्हणाले, "तुमचं तुमालाच देनार, पन झाडावरून." आणि रोज चहाबरोबर एक एक लाडू त्यांनी त्याला मोजून दिला.

माझी पिशवी मात्र ते कधी बघत नसत. "तू आपल्याकडचा. तुजी काय बघायची?"

माझ्या आईने घरून सुकेळी पाठवली. आमच्या वाडीतली केळी, उन्हात वाळवलेली, सुक्या पानात घट्ट बांधलेली. घरापासून इतका लांब मी कधी राहिलो नव्हतो. त्या पुडक्याला आमच्या अंगणाचा वास होता. ते झाडावर टांगायचं माझ्या जिवावर आलं. मी ते उशाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकांनी जाता जाता विचारलं, "भाऊ, काय नाय ना आत?"

"नाही काका," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की आजही माझा तो आवाज मला ऐकू येतो.

भर दुपारी ते आलं. आम्ही टेकडीच्या पलीकडे होतो. काका मुक्कामावर एकटेच. माझ्या तंबूत खुडबुड ऐकून त्यांना वाटलं, कुत्रं शिरलं असेल. आत खायचं काही नाही, हे तर मीच सांगितलं होतं. हातात पळी घेऊन ते कनात उचलून आत गेले.

ओरडा ऐकून आम्ही धावत आलो. अस्वल निघून गेलं होतं. काकांचा उजवा डोळा आणि गाल राहिला नव्हता, उजवा हात कोपरापासून लोंबत होता. खाटेवर घालून त्यांना खाली न्यायला आम्ही उचललं, तेव्हा त्यांनी डावी मूठ माझ्या हातात उघडली. केळीची फाटकी पानं होती. "चुलीत टाक," ते म्हणाले.

मी टाकली.

मोजणीचे साहेब वसईच्या दवाखान्यात चौकशीला आले. काका म्हणाले, "गूळ मीच भाईर इसरलो." मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडलं होतं मी, शपथेवर सांगतो. काकांनी उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि मी तोंड मिटलं. मला ते सोयीचंही होतं. कोठीवाल्यानेच गूळ बाहेर ठेवला म्हणून त्यांचं काम गेलं. माझं राहिलं.

नायगाव आगाशीपासून काही काळ्या कोसांवर नाही. तरी वर्षभर मी गेलो नाही. पुढच्या रविवारी जाऊ, म्हणत राहिलो. मग एक दिवस कळलं की काका गेले. त्या जखमा कधी नीट भरल्याच नव्हत्या.

चौथ्या दिवशी गेलो. ओटीवर चार माणसं बसली होती, आणि त्यांतला एक दुसऱ्याला सांगत होता, जल्मभर अस्वलाचं भ्या घालनारा मानूस, नि शेवटी आपनच गूळ इसरला. मी काकूंना मागच्या दारी बोलावलं आणि सगळं सांगितलं. उशाखालचं पुडकं, माझं खोटं, चुलीत टाकलेली पानं.

त्या रडल्या नाहीत की ओरडल्याही नाहीत.

"मना म्हायत हाय," त्या म्हणाल्या. "आल्या दिवशीच सांगितलं त्यांनी. म्हनाले, पोराची नोकरी नवी हाय, कोनाला बोलू नको. मी नाय बोलली."

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो. त्या मागे सरल्या.

"पन रोज संध्याकाली दारात बसायचे. मी इचारलं, कोनाची वाट बघता? म्हनाले, तो आगाशीचा येल. बाकी कोनाला नाय सांगितलं तरी चालंल, मना एकदा येऊन सांगंल."