ट्रॅकवाले मास्तर

मास्तर माप घेण्याआधी माणसाला पडायला लावत. जवाहर गेटाजवळच्या त्यांच्या दुकानामागे छोटं अंगण होतं आणि तिथे एक विटलेली सतरंजी कायम अंथरलेली असे. गिऱ्हाईक आलं की टेप गळ्यातच राही आणि मास्तर म्हणत, "पडा." माणूस गोंधळून बघू लागला की पुन्हा म्हणत, "पडा ना जी. उभ्या माणसाचं माप कोणीबी घेते. पडल्यावर बाही कुठवर सरकते, पाठ कुठं उघडी पडते, थे पाह्यलं पाहिजे." अमरावतीतल्या मोठमोठ्या वकील-डॉक्टरांचे मुलगे त्या सतरंजीवर मुकाट्याने आडवे होत आणि मास्तर खडूने त्यांच्या अंगावर खुणा करत: खांदा, कोपर, ढुंगण, गुडघा, तळहात.

हे सगळं कशासाठी, ते सांगतो. अकोल्याबाहेर, युद्धाच्या वेळी बांधलेली आणि पुढे ओस पडलेली एक धावपट्टी होती. फटीफटीतून गवत उगवलेलं, गुरं चरत असत. पण मैलभर सरळ सिमेंट होतं. एकोणीसशे पन्नासचं दशक संपताना अमरावती-अकोल्याच्या आम्हा दहा-बारा मोटारसायकलवाल्यांना तिचा शोध लागला आणि महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तिथे शर्यती लावू लागलो. आमच्यात तिचं नाव 'ट्रॅक'. नियम नव्हते, बक्षीस नव्हतं. अंगात काय घालायचं याचाही कोणी विचार केला नव्हता. कोणी लेंग्यावर येई, कोणी चपला घालून. मी नुकताच वकिलीला लागलो होतो. मी कोर्टाचा काळा कोट चढवून जात असे, कारण जाड असं माझ्याकडे तेवढंच कापड होतं.

त्या कोटामुळेच मास्तरांची ओळख झाली. एका रविवारी मी घसरलो आणि कोपरावर कोट फाटला. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळू नये म्हणून मी तो रफू करायला मास्तरांकडे नेला. त्यांनी चष्मा वर सारून फाटलेली जागा बोटांनी चाचपली.

"डावीकडं पडले."

"हो."

"अगोदर हात टेकवला, मंग कोपर. तीस-पस्तीसच्या वर स्पीड नसंन. असती तर अस्तरबी गेलं असतं."

मी थक्क होऊन बघत राहिलो. मास्तर पूर्वी पलटणीत शिंपी होते. युद्धात त्यांची नेमणूक अशा ठिकाणी होती की जखमी सैनिकांचे उतरवलेले कपडे त्यांच्यापुढे येऊन पडत. धुवायचे, ठिगळ लावायचे आणि पुन्हा भांडारात पाठवायचे. त्यात मोटारसायकलवरून निरोप नेणाऱ्या शिपायांचे कपडेही असत. "माणसं मी नाही पाह्यली वकीलसाहेब," ते म्हणाले. "त्यायचे कपडे पाह्यले. कोणतं कापड टिकलं अन् कोणतं नाही, थे मले ठावं हाय." मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, हाताशी एकही धड खटला नसलेला; पण त्यांनी मला पहिल्या दिवसापासून वकीलसाहेबच म्हटलं.

महिन्याभरात त्यांनी माझ्यासाठी तंबूच्या कापडाचं एक जाकीट शिवलं. खांद्याला आणि कोपराला खोगिराचं चामडं, आत कापसाचा थर. पुढे बटणं नव्हती, बगलेत नाड्या होत्या. बटणं का नाहीत विचारलं तर म्हणाले, "छातीवर घसरले तर एकेक बटन आत घुसन." हातमोज्यांच्या तळव्याला त्यांनी दुहेरी चामडं लावलं. "पडताना माणूस अगोदर हात टेकवते. अक्कल मागून येते."

डोक्याचा प्रश्न त्यांनी बुरुडाकडून सोडवला. डोक्याच्या मापाचं बांबूचं घट्ट टोपलं विणून घ्यायचं, त्याच्यावर चामडं ताणून बसवायचं आणि आत कापूस भरायचा. कापूस पिंजायचं काम त्यांच्या बायकोचं. सगळे तिला माय म्हणत. ते टोपलं घालून मी ट्रॅकवर गेलो तेव्हा सगळे हसून हसून लोळले. मास्तर हसले नाहीत. "साऱ्या मुलखात कापूस पिकते," ते म्हणाले, "अन् तुमच्या टाळक्याले मूठभर भेटत नाही?" पुढच्याच महिन्यात अकोल्याचा एक डॉक्टर घसरला आणि उठून उभा राहिला तेव्हा त्याच्या टोपल्याची एक बाजू चेपलेली होती, डोकं शाबूत होतं. तेव्हापासून टोपल्यांना गिऱ्हाईक मिळालं.

ट्रॅकच्या दिवशी मास्तर अमरावतीहून पहाटेची एसटी धरून अकोल्याला येत. कोणी बोलावत नसे. हातात एक पिशवी: सुई, मेणवलेला दोरा, मोठी कात्री. एकेकाच्या भोवती फिरून ते नाड्या ओढून बघत, बुटात खोचलेली विजार तपासत, गळ्यातला रुमाल काढून खिशात कोंबत. ते स्वतः कधी मोटारसायकलवर बसले नाहीत. सगळ्यांच्या फेऱ्या होईपर्यंत बाभळीखाली उभे राहत, बसत मात्र नसत.

त्यांची खरी लढाई उन्हाशी होती. अकोल्याचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला चामडं आणि कापूस अंगावर चढवणं म्हणजे काय ते सांगायला नको. मास्तर म्हणत, आतलं बनियन भिजवून घाला, आठच्या आत गाड्या बंद करा. माणसं हो म्हणत आणि नऊ वाजले की जाकिटं बाभळीवर टांगत. मास्तर ती काढून पुन्हा त्यांच्यापुढे धरत. कोणी घेई, कोणी म्हणे, "मास्तर, जीव घेता का?" एकदा ते मला हळूच म्हणाले, "पलटणीत असतो तर एकेकाले लायनीतून बाहेर काढलं असतं. इथं मी शिंपी हाय." ते एवढंच बोलले. त्यांच्या दुकानात बुद्धाची तसबीर होती, आमच्या घरात देवघर होतं. आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना कुणी काय सांगायचं आणि कुणी नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. ते मास्तरांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

माझा धाकटा भाऊ वसंता तेव्हा वीस वर्षांचा होता. सायन्सच्या शेवटच्या वर्षाला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगला मोटारसायकल चालवणारा. मास्तरांचा त्याच्यावर जीव होता. त्याच्यासाठी त्यांनी मापाच्या तीन खेपा केल्या होत्या, "पोरगं अजून वाढून राहिलं," म्हणत. पण त्या वर्षी मामांनी मुंबईहून त्याला टेरिलीनचा शर्ट आणला. तेव्हा टेरिलीन म्हणजे काय चीज होती! इस्त्री नको, चुरगळणं नाही, कॉलेजात मुली वळून बघतात. वसंताने तो शर्ट घालून मास्तरांना दाखवला. मास्तरांनी शर्टाचं टोक चिमटीत धरून चोळलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, हे कॉलेजात घाला. ट्रॅकवर नका घालू. सुती कापड फाटते. हे फाटत नाही, वितळते."

वसंता हसला. "मास्तर, तुम्हाला नवीन कापड आवडतच नाही."

तो वैशाखातला रविवार होता. आमच्या गाडीच्या कार्बोरेटरने दगा दिला आणि आमची सुरुवातच उशिरा झाली. वसंताची पाळी आली तेव्हा दहा वाजून गेले होते. सिमेंटवरून झळा उठत होत्या. त्याच्या अंगात तोच शर्ट. टोपलं त्याने डोक्यावर ठेवलं होतं. मास्तर जाकीट उघडून धरून उभे होते. वसंताने एक हात बाहीत घातला आणि काढला.

"दादा, घालूच का? अंगाची लाही होतेय."

मास्तर त्याच्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. "वकीलसाहेब, सांगा ना जी त्याले. तुमचं ऐकन तो."

मित्र उभे होते. मलाही तहान लागली होती, घरी जायची घाई होती. मी म्हणालो, "जाऊ द्या हो मास्तर. दोन तर फेऱ्या आहेत. राहू दे वसंता."

मास्तरांनी जाकिटाची घडी घातली.

दुसऱ्या फेरीत एक कालवड गवतातून पट्टीवर आली. वसंताने तिला चुकवलं आणि गाडी त्याच्या अंगाखालून निघून गेली. तो पाठीवर आणि उजव्या खांद्यावर बराच लांब घसरत गेला. आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता, बोलत होता. डोक्याला खरचटलंही नव्हतं. पाठीवर मात्र शर्ट नव्हता. होतं ते कातडीतच गेलं होतं. कोणीतरी शर्टाचं टोक ओढायला हात घातला तेव्हा मास्तर ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"ओढू नका! कातडी येईन त्याच्यासंगं!"

त्यांनी पिशवीतून कात्री काढली आणि चिकटलेला भाग तसाच ठेवून भोवतालचं कापड कापत गेले. हात अगदी स्थिर होता. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. वसंता त्याही स्थितीत म्हणाला, "मास्तर, खरंच वितळलं हो."

अकोल्याच्या दवाखान्यात सगळं केलं. जखमा धुतल्या, धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं. चार दिवसांनी तो उठून बसला. आई त्याला मोसंबी सोलून देऊ लागली. आठव्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "आई, तोंड उघडत नाहीये." डॉक्टर आले, इंजेक्शन देऊनही धनुर्वात झालाच म्हणाले, त्यांनी खिडक्यांना काळे पडदे लावायला सांगितले, आणि मग कुणाच्याच हातात करण्यासारखं काही उरलं नाही. उजेड नको, आवाज नको, हात लावणं नको. भांडं जरी वाजलं तरी त्याचं अंग कमानीसारखं ताणलं जाई. आई दारात उभी राही आणि तिला आत जाता येत नसे.

मास्तर अकोल्यातच राहिले होते. व्हरांड्याच्या टोकाला एका पायरीवर दिवसभर बसत. दहाव्या दिवशी त्यांनी कुठल्याशा दुकानदाराच्या मशीनवर बसून एक सदरा शिवून आणला. मऊ, धुतलेल्या मलमलीचा. खांद्यावर शिवण नाही, पाठ पूर्ण उघडी, बाजूला बंद. न हलवता अंगात घालता यावा असा. नर्सने तो हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. "बाबा, त्याला स्पर्शच करता येत नाही हो." मास्तरांनी मान डोलावली आणि सदरा मांडीवर ठेवून पुन्हा पायरीवर बसले. बाराव्या दिवशी दुपारी वसंता गेला. तो सदरा मग आम्ही त्याला घातला.

तेराव्यानंतर मास्तर आमच्या घरी आले. अंगणातच उभे राहिले. आबा ओसरीवर बसले होते. ते कधी कुणाला एकेरी बोलले नव्हते, त्या दिवशीही बोलले नाहीत. पण म्हणाले ते असं: "तुम्ही या पोरांना चिलखतं शिवून दिलीत. तुमच्या कपड्यांच्या भरवशावर ही बेफाम झाली. नाहीतर माझा वसंता सायकलसुद्धा जपून चालवायचा. तुम्ही मारलंत त्याला."

मी आबांच्या मागे, दाराला टेकून उभा होतो. मास्तरांनी वर पाहिलं. आधी आबांकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ते सांगतील. त्यांनी सांगावं असं वाटलं आणि सांगू नये असंही वाटलं.

मास्तरांनी हात जोडले. "हो साहेब," ते म्हणाले आणि गेले.

ट्रॅक तिथेच संपला. मी गाडी विकून टाकली. पावसाळा उलटल्यावर एकदा जवाहर गेटाकडे गेलो तर दुकानाला दुसरंच कुलूप होतं. शेजारचा पानवाला म्हणाला, "मास्तर गेले ना दर्यापूरले. बायकोचं माहेर हाय तिथं. म्हणे, इथं आता कोणी कपडे टाकत नाही." गावात आबांचा शब्द फिरला होता. मास्तरांनी पोरांना नादी लावलं, असं लोक बोलत होते, आणि तो शब्द खोडायला माझ्याएवढा योग्य माणूस गावात नव्हता.

दर्यापूरला जायला मला दीड वर्ष लागलं. बसस्टँडपासून जवळच, एका धान्याच्या दुकानाच्या ओट्यावर ते मशीन मांडून बसले होते. शाळेच्या खाकी चड्ड्यांचा ढीग पुढ्यात. मला पाहून उठले, मायला चहा सांगितला, आबांची तब्येत विचारली. मी चहा तसाच ठेवला.

"मास्तर, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? तुमच्यासमोर तर मीच त्याला जाकीट नको म्हणालो होतो."

त्यांनी हातातल्या चड्डीची शिवण उलटून पाहिली.

"तुमच्या वडलांचा एक पोरगा गेला होता," ते म्हणाले. "दुसराबी काहून न्यायचा त्यायच्याजवळून?"

मी म्हणालो, "मी आज घरी जाऊन सांगतो. सगळं."

"नका सांगू." पहिल्यांदाच त्यांचा आवाज पलटणीतल्यासारखा झाला. "तुमाले हलकं वाटन. त्यायले जड होईन. मी त्या दिवशी हो म्हणून आलो, थे काय उगीच?"

ते मला स्टँडवर सोडायला आले. गाडीला वेळ होता, तरी उभेच राहिले. वसंताचं नाव दोघांनीही काढलं नाही. बस निघाली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही, फक्त धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिले असावेत. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते तिथेच होते.

तीनेक वर्षांनी माय एकदा अमरावतीला कोर्टाच्या आवारात भेटली. तिनेच मास्तर गेल्याचं सांगितलं. घरी येऊन मी जेवताना आबांना म्हणालो, "ते मास्तर वारले." आबांनी तोंड फिरवलं. "कोणाला मारून कोणी सुखाने राहत नाही," ते म्हणाले.

आबा त्यानंतर चौदा वर्षं जगले. मी त्यांच्या शेजारी बसून रोज जेवत होतो.