बोटाने उघडणाऱ्या कुलपाचा खटला

काकांच्या फोनवर मी फोन चालवणारी आमची फुकटातली प्रणाली बसवून दिली होती. माझ्यासारखे जगभरचे हौशी लोक मिळून ती लिहितात, तिला मालक नाही. एका सकाळी काका तणतणत आले. नवीन अपडेटनंतर स्क्रीनवर बोट सरकवून फोन उघडेना.

मी सांगितलं, की त्या युक्तीचं पेटंट स्वतःचं आहे असं म्हणत एका कंपनीने दुसरीला कोर्टात खेचलंय. आपल्यामागे बला नको म्हणून आम्ही ती काढून टाकली. माझं डोकं फिरलं होतं. दाराची कडी सरकवायला कुणाची परवानगी लागते का?

काकांचा चेहरा मात्र खुलला. दोन बागांमधल्या दगडी गडग्यावरच्या हापूसवरून त्यांची आणि शेजारच्या चुलतभावाची रत्नागिरीच्या कोर्टात जुनी केस आहे. तारखेला दोघं एकाच रिक्षाने जातात. आंबे उतरवले की निम्मे निम्मे घेतात. काकांनी लगेच गडग्यावरून भावाला हाक मारली, आणि दोघं आमच्या ओटीवर बसून त्या कंपन्यांच्या वकिलांना अक्कल शिकवू लागले. मी चहा टाकला. हसताना माझा राग कुठे गेला, कळलंच नाही.

पुढे कंपन्यांनी आपसांत मिटवलं आणि आम्ही ती युक्ती परत आणली. मी धावत सांगायला गेले. दोघं ओटीवरच होते.

"मिटवलं?" काका हिरमुसले. "अगो, मग आता ते एकमेकांना भेटणार कशाच्या निमित्ताने?"