लाल तार आत

वेंकटला हे माहीत नाही. घरी अण्णांना माहीत नाही. ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तीन वर्षं मी हे एकाही माणसाजवळ बोललेलो नाही. तुम्हाला सांगतो, पण जरा सावकाश सांगू द्या — एकदम मुद्द्यावर यायची हिंमत होत नाही.

आधी जे मला नक्की येतं, ते सांगतो. गिटारचा आवाज बदलणारी, पायानं दाबायची पेडल एका फळीवर मांडून जोडायची असली, तर आता मला डोळे झाकून जमतं. आवाज फाडणारं पेडल गिटारच्या सगळ्यात जवळ. आवाज डोलवणारं त्याच्यानंतर. प्रतिध्वनी देणारं शेवटी — फाटलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी कानाला चालतो, पण प्रतिध्वनी फाडला की नुसता चिखल होतो. मधल्या वायरी आखूड, म्हणजे घरघर कमी. विजेची वायर आवाजाच्या वायरीच्या शेजारून न्यायची नाही; ओलांडावी लागलीच तर आडवी. बँडवाली मुलं मला शोधत विद्यानगरला आमच्या कॉलेजात येतात. या कामात माझं नाव आहे.

ते नाव कसं झालं, तेच सांगायचं आहे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अण्णा, माझे वडील, बिदरकडून आले आणि कुकटपल्लीच्या एका कारखान्यात लेथवर लागले. मला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यापासून गल्लीत सांगू लागले, “आमचा इंजिनिअर.” मी अजून एक पेपरही दिलेला नव्हता. कुणी काही विचारलं की मला ‘माहीत नाही’ म्हणता येईना — हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

हाताला वळण लावलं ते यूसुफचाचांनी. जामबागेत त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं छोटं दुकान. शनिवारी कॉलेज सुटलं की मी तिथं जाऊन बसायचो. सोल्डरची इस्त्री किती तापवायची, तारेचा टाका कधी चमकतो, कधी मातकट पडतो, सगळं त्यांनी दाखवलं. व्होल्ट आणि प्लस-मायनस दाखवणारा स्वतःचा जुना मीटर मला देऊन टाकला. त्यांचं एकच सांगणं असायचं — “पहले मीटर, बाद में हाथ.”

वेंकट माझ्या वर्गातला, आमच्या बँडचा गिटारवाला. त्याचा मामा दुबईहून येणार होता. तीन सुटी पेडल मागवायची की एकच मल्टि-इफेक्ट? मीच ठासून सांगितलं, मल्टि-इफेक्ट. एका डब्यात चाळीस आवाज, लाल आकडे दाखवणारी खिडकी. आलं ते. पण त्याचा अडॅप्टर मामाच्या घरीच राहिला. मग मी एका मोडक्या कॅरमची फळी कापली, त्यावर ते पेडल आणि वेंकटची जुनी दोन बसवली, आणि विजेसाठी चाचांकडून नऊ व्होल्टचा डबा करून घेतला. चाचांनी त्याच्या दोन तारा मोकळ्याच ठेवल्या, प्लसची लाल आणि मायनसची काळी. “पिन तू लगा. मशीन देखके, मीटर लगाके.”

मशीनच्या पाठीवर छोटं चित्र होतं. एक टिंब, भोवती अर्धं वर्तुळ, एका बाजूला प्लस, दुसऱ्या बाजूला मायनस. मला ते कळलं नाही.

“क्या इंजिनियर साब, समझा कुछ?” वेंकट हसत म्हणाला.

“हौ, समझ गया,” मी म्हणालो.

मी उघडलेल्या प्रत्येक टेपच्या पिनेत प्लस आत असायचा. मी लाल तार आत जोडली. मीटर दप्तरात होता. दप्तर हाताच्या अंतरावर होतं. बटण दाबलं — खिडकीत आकडे आलेच नाहीत. आला तो वास.

ही चूक होती. नुसती चूक असती, तर सांगायला तीन वर्षं लागली असती का?

वेंकट त्या काळ्या खिडकीकडे बघत होता. कॉलेज डे तीन दिवसांवर. आणि माझ्या तोंडून निघालं, “चाचा के डब्बे में गड़बड़ है रे.”

त्या संध्याकाळी मी डबा घरी नेला. तेव्हा मीटर काढला. तेव्हा ते चित्रही कळलं — मायनस आत. मी पिन सोडवली, तारा बदलल्या, काळी आत, लाल बाहेर, आणि जुन्या टाक्याची खूणसुद्धा ठेवली नाही. खरं सांगू? तोवर मी केलेला तो सगळ्यात सुंदर टाका होता.

दुसऱ्या दिवशी वेंकट आणि मी दुकानात. चाचांनी डब्याला मीटर लावला. नऊ व्होल्ट, पिन बरोबर. डबा उघडला. चिमट्याच्या मागच्या टोकानं एकेक जोड ठोकून पाहिला, बल्ब लावून तापवला, गार केला, पुन्हा तापवला. जो दोष नव्हताच, तो त्यांना कुठून सापडणार? शेवटी चष्मा कपाळावर सारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तू मीटर लगाया था ना, बेटा?”

“लगाया था, चाचा.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. वेंकटकडे वळले आणि त्या नातवाच्या वयाच्या पोराला म्हणाले, “हमारे हाथ से हुआ, मियाँ. माफ करना.”

“नक्को चाचा, ऐसा नक्को बोलो,” वेंकट पुटपुटला. मी काउंटरवरचा एक स्क्रू बोटानं फिरवत उभा होतो.

वेंकटनं कॉलेज डेला साधीच गिटार वाजवली, आणि पुढं तो विसरूनही गेला. चाचा विसरले नाहीत. कोटीच्या बाजारात परदेशी माल उघडउघड मिळू लागला, दुरुस्तीला रीघ लागायला हवी होती. पण बाहेरचं काही आलं की ते हात आखडतात. आणि ते घेऊन आलेल्या पोरांना सांगतात, “विद्यानगर जाओ. मेरा शागिर्द है. उसका हाथ पक्का है.”

मागच्या आठवड्यात त्यांनी पाठवलेल्या एका मुलीचा पेडलांचा बोर्ड जोडला. तीनदा मीटर लावला. काळी आत. आकडे उजळले तशी ती म्हणाली, “चाचा सही बोले थे.”

यूसुफचाचा उर्दू वाचतात. तेलुगू पाट्याही वाचतात. मराठी त्यांना वाचता येत नाही. हे मराठीत लिहायला बसलो, तेव्हा मला ते माहीत होतं.