चौथ्या मजल्यावरचं ऊन

जयवंत तावड्यांना कंपनीत सगळे ‘बचतवाले तावडे’ म्हणायचे. विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात ते मेंटेनन्सला लागले, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वीज कुठे वाया जाते ते शोधून थांबवणं हेच त्यांचं काम होऊन बसलं. जुन्या शेडच्या पत्र्यांवर ऊन परतवणारा पांढरा लेप मारायचा, म्हणून ते साहेबांशी अक्षरशः भांडले होते. लेप लागला तेव्हा दुपारच्या पाळीची माणसं त्यांना शोधत आली. ‘तावडेसाहेब, आता जरा माणसात आल्यासारखं वाटतं,’ असं एक जण म्हणाला होता. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली ट्रॉफी मुलुंडच्या नव्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेली होती आणि आल्यागेल्याला ते तिची गोष्ट सांगत.

विक्रोळीचं जुनं घर मात्र त्यांनी भाड्याने दिलं होतं. चौथा मजला, डोक्यावर थेट गच्ची, मागच्या खोलीची भिंत पश्चिमेला. संसाराची पहिली पंचवीस वर्षं तावड्यांनी तिथेच काढली होती. मे महिन्यात अनुपमा, त्यांची बायको, दुपारभर जिन्यात चटई टाकून बसायची. त्या घरात काय होतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

भाडेकरू होते केयूर शिर्के, त्याची बायको जान्हवी आणि केयूरची आई. मंडळी मूळची चिपळूणकडची. नवराबायको दोघं नोकरीला. आई दिवसभर घरी. पहिल्याच उन्हाळ्यानंतर केयूरने फोन केला होता.

“काका, गच्चीवर तो पांढरा लेप मारतात ना, तो मारून घेऊया का? अर्धा खर्च मी देतो. आईला फार त्रास होतो रे... सॉरी, होतो हो.”

“अरे, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. पाडायच्या घरावर कशाला खर्च करतोस?”

“कधी जाईल पण?”

“होईल. बोलणी चालू आहेत.”

बोलणी कधीच फिसकटली होती. बिल्डर पळाला होता, हे तावड्यांना माहीत होतं. पण हे वाक्य इतकं सोयीचं होतं की पुढच्या वर्षीही त्यांनी तेच वापरलं.

आणि एसीचं प्रकरण वेगळंच. मुलुंडला त्यांनी वीज कमी खाणारा, पाच ताऱ्यांचा नवा एसी बसवला, तेव्हा जुना खिडकीचा एसी विक्रोळीला पाठवून दिला. ‘एसीसकट घर’ म्हटलं की भाडं जरा बरं येतं. त्या एसीवर वीज किती खातो ते सांगणारं, दोनच ताऱ्यांचं, कडेने सुटलेलं लेबल होतं. तावड्यांनी गरम पाण्याचं फडकं ठेवून ते भिजवलं आणि नखाने खरवडून काढलं. का काढलं, असं त्यांनी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. जुनाट दिसत होतं, एवढंच.

एप्रिल संपत आला होता. सोसायटीच्या कामासाठी तावडे विक्रोळीला आले होते. खाली ऑफिसात सेक्रेटरी निलेशबरोबर चहा घेत बसले असताना निलेशचा फोन वाजला. जान्हवी होती. सासूबाई फोन उचलत नव्हत्या, जरा कुणी वर जाऊन बघेल का?

“झोपल्या असतील गं,” निलेश म्हणाला. पण तावडे उठले. घराची दुसरी किल्ली त्यांच्या जुडग्यात होती.

बेल वाजवली, दार ठोठावलं. शेवटी किल्ली लावली. दार उघडताच आतली हवा तोंडावर आली, भट्टीचं झाकण काढल्यासारखी. पंखा फुल होता आणि छताचं ऊन खाली ढकलत होता. खिडकीवर ओलं लुगडं बांधलं होतं, ते केव्हाच वाळून कडक झालं होतं. केयूरची आई, शिर्केवहिनी, मागच्या खोलीत फरशीवर पडल्या होत्या. एसी बंद. त्याचा रिमोट फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला.

तावड्यांनी त्यांच्या कपाळाला हात लावला. घाम नव्हता. कातडी कोरडी, चटका बसावा अशी. “वहिनी, वहिनी,” हाका मारल्या, तर त्या काहीतरी पुटपुटल्या, शब्द लागेनात. अंगावर पाणी मारत, खुर्चीत बसवून, निलेशने आणि शेजाऱ्यांनी त्यांना खाली नेलं. तावडे मागून ओला टॉवेल धरून उतरत होते. खोलीतून निघताना आधारासाठी त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला हात टेकला होता आणि झटकन काढून घेतला होता.

उष्माघात, इस्पितळात डॉक्टर म्हणाले. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

केयूर धावतपळत आला. आईला आत पाहून बाहेर आला आणि बाकावर तावड्यांच्या शेजारी बसला.

“काका, तुम्ही नसता तर आई गेली होती आज.” त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि मग त्यांचे दोन्ही हात धरले. “एसी लाव म्हणून किती सांगायचं हो तिला? मागच्या उन्हाळ्यातलं लाइट बिल बघून तिने धसकाच घेतला. म्हणते, तुम्ही दोघं राबता आणि मी गार वाऱ्यात झोपू? आम्हाला वाटायचं, एसी म्हणजे एवढं बिल येणारच.”

तावड्यांना हात सोडवून घ्यावेसे वाटले. घेता येईनात. जान्हवी चहा घेऊन आली, तिनेही वाकून नमस्कार केला. तो चहा त्यांनी तसाच बाकाखाली ठेवून दिला.

घरी येऊन त्यांनी अनुपमाला सगळं सांगितलं. लेबलाचंही सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

“तुम्ही काढलंत? परक्या माणसांच्या पत्र्यासाठी साहेबाशी भांडलात, आणि आपल्या घरात...” तिने वाक्य अर्धवट सोडलं. थोड्या वेळाने म्हणाली, “मी त्या जिन्यात बसून दुपारी काढल्यात. मीही कधी म्हटलं नाही तुम्हाला, की त्या बाईचं काय होत असेल. पण हे मला सांगून काय उपयोग? केयूरला सांगा.”

सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून त्यांनी आधी काम काढलं. वहिनींना इस्पितळातून सोडल्यावर त्यांची मुलगी त्यांना चिपळूणला घेऊन गेली होती. तावडे रोज सकाळी विक्रोळीला येऊ लागले. गच्ची सोसायटीची, मीटिंग घ्यावी लागेल, असं निलेश म्हणाला. “घे मीटिंग. पण पावसाच्या आधी,” तावडे म्हणाले, आणि मीटिंगमध्ये त्यांनी असा काही घसा फोडला की मेंबरांनी कंटाळून हात वर केले. भेगा भरून घेतल्या, गच्ची घासून पांढऱ्या लेपाचे हात मारले. मागच्या खोलीच्या छताला आतून उष्णता अडवणारे बोर्ड लागले. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आला, बाहेरून बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा. पंखे बदलले. नवा एसी आणला तेव्हा दुकानदार म्हणाला, “जुना चालू आहे साहेब, कुणाला तरी देऊन टाकू.”

“नाही. कुणालाही द्यायचा नाही. भंगारात घाला.”

सबंध मे महिना ते स्वतः गच्चीवर उभे राहिले. पाठ भाजून निघाली, नाकाची साल गेली. अनुपमा टोपी घाला म्हणून ओरडायची. ते कधी घालायचे, कधी विसरायचे.

एका रविवारी केयूर ताकाचा तांब्या घेऊन वर आला. “काका, बस करा आता. असा घरमालक कुणाला मिळतो? आईला फोनवर सांगितलं मी, तावडेकाका देवमाणूस आहेत.”

“केयूर, थांब.” तावड्यांनी ब्रश खाली ठेवला. “रिडेव्हलपमेंटचं मी तुला खोटं सांगत होतो. आणि तो एसी वीज खातो, हे मला माहीत होतं. त्याचं लेबल मी काढून टाकलं होतं. तुला दिसू नये म्हणून.”

केयूरला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आई तिथे पडून भाजत होती, काका.”

“हो.”

“आणि मी तुमच्या पाया पडलो.”

तो तांब्या तिथेच ठेवून खाली गेला. त्यानंतर फोनवर तो ‘तावडेसाहेब’ म्हणू लागला. घर सोडायचं त्याच्या मनात होतं. पण जान्हवी म्हणाली, आता कुठे घर राहण्यासारखं झालंय, आणि शोधायला निघालं तर पुन्हा असाच वरचा मजला मिळणार. ते राहिले.

वहिनी मात्र चिपळूणहून यायला तयार नव्हत्या. तावड्यांनी एकदा फोन केला. “वहिनी, खोली आता गार झालीय हो. या तुम्ही.”

“झाली आसल,” पलीकडून सावकाश आवाज आला. पूर्वी त्या भरभर बोलायच्या. “पन माजा जीव धास्तावतो तितं. आनि हात थरथरतो वो माजा. भाकरी थापता येत न्हाय.”

“मला माफ करा,” असं तावडे म्हणेपर्यंत वहिनींच्या लेकीने फोन घेतला होता.

ऑक्टोबरच्या उकाड्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी वहिनी थोड्या दिवसांसाठी आल्या. जान्हवीनेच कळवलं. तावडे दुपारी गेले. दार केयूरने उघडलं, आत या म्हणाला, काका म्हणाला नाही.

मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. वहिनी कॉटवर कुशीला झोपल्या होत्या. एसी बंद होता, पंखा हळू फिरत होता, चिकाच्या फटींतून उजेडाच्या रेघा भिंतीवर पडल्या होत्या. त्यांचा उजवा हात झोपेतही मधूनच हलत होता.

“उठवू का?” केयूरने विचारलं.

“नको रे. झोपू दे.”

केयूरने पाण्याचा ग्लास आणून दिला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. मग तो म्हणाला, “दुपारची झोप लागते तिला आता इथे. पण डोळ्यांचं झालं की परत जायचं म्हणते.”

तावड्यांनी मान हलवली. पाणी संपलं तरी ते बसून राहिले, आणि केयूरनेही त्यांना उठा म्हटलं नाही.