अर्जुनरावांच्या फोटोमागचा डबा

लोणारच्या पंजाबराव भुतेकरांनी उभ्या आयुष्यात दोनच कामं केली. पहिली अठरा-वीस वर्षं गच्चीवरून, पत्र्यावरून, बाभळीच्या फांद्यांवरून केबलच्या वायरी ओढल्या, आणि त्यानंतरची सगळी वर्षं त्याच वायरी लपवत काढली. पूर्वी ज्याच्या दारात काळी वायर उतरायची त्याची गल्लीत पत वाढायची. बाया आपापलं काम टाकून बघायला यायच्या. आता त्याच बायांच्या सुना म्हणतात, "काका, वायर दिसाले नाही पायजे." भिंतीवर नुसता टीव्ही दिसावा. त्याच्या मागचा सेट-टॉप बॉक्सचा डबा, वायरी, प्लगा हा सगळा संसार कुठं गेला हे आल्यागेल्याला कळता कामा नये. आता वायरीच्या नशिबी असे दिवस आले त्याला पंजाबराव तरी काय करणार?

काम दिसतं तेवढं सोपं नाही. कटरनं भिंतीत झिरी मारायची, म्हणजे बोटभर रुंद चर काढायचा, वायर आत दाबायची, वरून लिंपून रंग द्यायचा. झिरी मारताना धूळ अशी उडते की माणूस पीठगिरणीतून बाहेर आल्यासारखा दिसतो. तोंडाला रुमाल बांधला तरी ती छातीत जातेच. छप्पन्नाव्या वर्षी पंजाबरावांना खोकला जडला तो जायचं नाव घेईना. मेहकरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून सांगितलं की आता कटर खाली ठेवा. गुडघ्यांनी तर त्याच्या आधीच सांगितलं होतं.

"कवा सोडता हे काम?" गोजरबाई विचारायच्या.

"सोडतो नं."

हा संवाद नवरा-बायकोत दोन वर्षं चालला होता. संध्याकाळी पंजाबराव दारात आले की गोजरबाई दिवाणावरून उठायच्या, रिमोट त्यांच्या उशाशी ठेवायच्या आणि पाणी आणायला आत जायच्या. पंजाबराव दिवाणावर आडवे व्हायचे, बातम्या लावायचे आणि बातम्यांतच झोपी जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाची तरी भिंत.

वैशाखात सुलतानपूरच्या शेखरचा फोन आला. शेखर भाजीपाला लावणारा, दोन एकर टमाट्याचा धनी. जुनं घर पाडून त्यानं नवा हॉल काढला होता, पण चौथी भिंत जुनीच ठेवली होती. कच्च्या विटांची, वरून सिमेंटचा गिलावा चढवलेली. त्याच भिंतीवर पंचावन्न इंची टीव्ही लावायचा होता. आणि त्याच भिंतीवर, बरोबर मधोमध, शेखरचे वडील अर्जुनराव टांगलेले होते. म्हणजे त्यांचा फोटो. फेटा, भरघोस मिशा, समोरच्याला आरपार बघणारे डोळे. वारून तीन वर्षं झाली होती. जाड लाकडी चौकटीचा फोटो, जुन्या पद्धतीनं दोरीवर पुढं झुकवून लावलेला, मागं चिमणीनं घरटं करावं एवढी पोकळी.

"हा फोटो आतल्या कोठीत जाईन," शेखरची बायको संजीवनी म्हणाली. "इथं टीव्ही. अन् काका, डबा-वायर काही दिसाचं नाही हं. माह्या बहिनीकडं कसं एकदम क्लीन हाय."

दाराजवळ खाली, घडी घातलेल्या गोधडीवर, अर्जुनरावांच्या बायको रुक्मिणीबाई बसल्या होत्या. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, हॉलमध्ये नवाकोरा सोफा, आणि ही सत्तरीची बाई डोक्यावर कपाळापर्यंत पदर घेऊन जमिनीवर. नजर फोटोकडं. पंजाबरावांनी शिडी लावली, फोटोला हात घातला आणि उगीच थांबले.

"मावशी, काढू नं?"

"काढा बाबू. मले काय इचारता."

ती अगदी हळू बोलली. पंजाबरावांना आपली आई आठवली. तिचा एकच फोटो होता घरात. रंगकामाच्या वेळी पंजाबरावांनी स्वतः तो उतरवून माळ्यावर ठेवला, उद्या लावू, परवा लावू म्हणता म्हणता दोन वर्षं गेली, आणि काढला तेव्हा वाळवीनं चौकटीत नुसती माती ठेवली होती. आज आई कशी दिसायची ते डोळे मिटूनही नीट आठवत नाही. आता ह्या म्हातारीच्या माणसालाही आपल्याच हातानं कोठीत कोंबायचं. कंटाळा आला त्यांना त्या कामाचा, त्या कटरचा, त्या क्लीन भिंतीचा. लपवा, लपवा, सगळं लपवा. मेलेला माणूससुद्धा दिसाले नाही पायजे.

मग पंजाबराव खोटं बोलले. कामाच्या बाबतीत ते सहसा खोटं बोलत नसत.

"ह्या भिंतीत झिरी नाही मारता येत," ते शेखरला म्हणाले. "कच्च्या इटा हाय. कटर लावला तं गिलाव्यासकट खाली येईन. डबा लपवाचा असन तं एकच जागा हाय, ह्या फोटोच्या मागची पोकळी. फोटो दोन हात डावीकडं घेऊ, डबा त्याच्या मागं बसवू. टीव्हीपर्यंत भिंतीच्या रंगाची बारकी पट्टी. कोनाले समजनारही नाही."

झिरीचं खरं होतं. बाकीचं खोटं. डबा टीव्हीच्या पाठीशीच बसवून त्याला रिमोटचा इशारा झेलणारा, वीतभर वायरीचा, चण्याएवढा काळा डोळा जोडायचा आणि तो टीव्हीच्या कडेला चिकटवायचा, की रिमोट चालतो. तसला डोळा त्या वेळी पंजाबरावांच्या पिशवीतच पडलेला होता. संजीवनीनं नाक मुरडलं, पण भिंत पडण्यापेक्षा सासरा परवडला म्हणून कबूल झाली.

दुपारपर्यंत काम झालं. डब्याचं तोंड फोटोच्या खालच्या कडेतून बोटभर बाहेर काढलेलं, मुद्दाम बघितलं तरच दिसेल असं. पंजाबराव रिमोट घेऊन रुक्मिणीबाईंपाशी गुडघे सावरत बसले.

"मावशी, ध्यानात ठेवा. रिमोट टीव्हीकडं नाही दाखवाचा. अर्जुनअण्णाच्या फोटोकडं दाखवाचा, थोडा खाली. मंग पाहा काय पाहाचं ते."

रुक्मिणीबाईंनी रिमोट हातात घेतला, फोटोकडं बघितलं आणि रिमोट सुनेकडं दिला. "मले कुठं येते," म्हणाल्या. पदर आणखी पुढं ओढला. गावाकडची बाई, लाजली असेल, असं पंजाबरावांना वाटलं. बऱ्याच दिवसांनी गाडीवर ते खोकत खोकतच पण छाती काढून बसले होते. आपल्या हातून आज काहीतरी चांगलं झालं असं त्यांना वाटत होतं, आणि घरी गेल्यावर त्यांनी ते गोजरबाईंना दोनदा सांगितलंही.

वीस दिवसांनी शेखरचा फोन. टीव्ही बंद.

बारा किलोमीटर गाडी हाणत पंजाबराव गेले. बघतात तो फोटोला हातभर लांब झेंडूचा हार, डब्याचं तोंड त्याच्याखाली गाडलेलं. रिमोट बिचारा कुणाला दाखवणार? "हार कोनं घातला एवढा?" विचारलं तर संजीवनी म्हणाली, सासूबाईनं. पंजाबरावांनी हार आखूड केला, चहा घेतला, परत आले.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा बंद. ह्या खेपेला पंजाबरावांना खरंच चालवत नव्हतं. आदल्या दिवशी दोन भिंती झाल्या होत्या, रात्रभर खोकला होता, डोळे चरचरत होते. पण आपणच लावलेलं काम, नाही कसं म्हणायचं? गेले. शेखर आणि संजीवनी टमाट्याच्या तोडणीला शेतात गेलेले. घरात रुक्मिणीबाई एकट्या, तिथंच, दाराजवळ, गोधडीवर. डोक्यावर पदर.

पंजाबरावांनी फोटो उतरवला. डब्याच्या मागची वायर निघालेली होती. उंदरानं कुरतडलेली नव्हे, चांगली हातानं ओढून काढलेली. खाली बघितलं तर भिंतीशी स्टूल.

"मावशी, ही वायर कोनं काढली?"

"म्या काढली."

पंजाबराव शिडीवरच राहिले. "काऊन?"

"तुमी आदी खाली बसा बाबू. दम लागून राह्यला तुमाले."

ते खाली उतरले. रुक्मिणीबाईंनी तांब्या पुढं केला आणि त्यांच्याकडं न बघता, जमिनीकडं बघत बोलू लागल्या.

"पंचेचाळीस वर्सं म्या ह्या मानसापुढं बाजेवर बसली नाही. त्याईले चालत नव्हतं. डोक्शावरला पदर पडू देला नाही. ते घरात असले की मी उभी, नाही तं इथं दारापाशी. ते गेले, फोटो लागला, तं फोटोपुढंही मी तशीच. शेखर म्हने, आई, सोफ्यावर बस, गुडघे दुखते तुहे. कशी बसू? ते पाहून राह्यले नं." त्यांनी पदर सारखा केला. "मंग संजीवनी म्हने फोटो आत ठेवू. मले वाटलं, आता सुटली मी. दुपारी घरात कोनी नसते. पाय पसरून बसीन, टीव्ही पाहीन. तुमी इचारलं, काढू का. म्या म्हनलं, काढा. म्हनलं का नाही?"

"म्हनलं, मावशी."

"अन् तुमी त्याईले टीव्हीलेच बांधून ठेवलं. आता चॅनल बदलाचं तं रिमोट त्याईच्या तोंडावर धरा लागते. माह्यानं होत नाही बाबू."

पंजाबरावांनी तांब्या खाली ठेवला. पस्तीस वर्षं लोकांच्या घरात शिरून ते हेच शिकले होते की न बोलणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळतं. कळतं म्हणे. लाज वाटली त्यांना स्वतःची.

"शेखरले सांगाचं नं मंग."

"लेकाले कसं सांगू, तुह्या बापाचा फोटो काढ म्हनून? लोक काय म्हनतीन? सून काय समजन?" रुक्मिणीबाईंनी मान हलवली. "मले वाटलं, टीव्ही बंद पडला की तुमी यान. तुमच्यानं काही होईन. आदी हार घालून पाह्यला, तं तुमी हारच कापला."

ह्यावर पंजाबरावांना हसू आलं आणि त्याच्यामागून खोकला आला. रुक्मिणीबाईंनी तांब्या पुन्हा त्यांच्याकडं सरकवला. मग म्हणाल्या, "मानूस वाईट नव्हता. मारलं नाही कधी. फकस्त बसू देलं नाही."

पंजाबरावांनी पिशवीच्या तळातून तो काळा डोळा काढला. डबा टीव्हीच्या पाठीशी बसवला, डोळा कडेला चिकटवला, भिंतीवरची पट्टी काढून जागा पुसून घेतली. सगळं मिळून अर्धा तास. वैशाखातच हे केलं असतं तर ह्या बाईचा सव्वा महिना वाचला असता. फोटो त्यांनी उचलून आत नेला आणि शेखरच्या खोलीत, त्याच्या पलंगासमोर, दमदार खिळा ठोकून लावला. जमिनीपासून उंच, वाळवी लागणार नाही असा. बाप लेकाच्या समोर राहू दे, लेकाला त्याच्यापुढं खुशाल बसता येतं.

मग शेखरला फोन लावून दुसऱ्यांदा खोटं बोलले. "डब्याच्या गरमीनं अण्णाचा फोटो पिवळा पडून राह्यला होता. तुह्या खोलीत लावला. तिथून हलवू नोको बरं. दुसरी सोय केली हाय डब्याची." शेखरनं उलट उपकारच मानले.

बाहेर येऊन त्यांनी रिमोट रुक्मिणीबाईंच्या हातात दिला. "आता टीव्हीकडंच दाखवा."

रुक्मिणीबाई भिंतीला धरून उठल्या. मोकळ्या भिंतीकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग सोफ्यापाशी गेल्या आणि अगदी कडेवर, बसल्या न बसल्याशा टेकल्या. हातात रिमोट, पण डोक्यावरचा पदर तसाच, कपाळापर्यंत. पंजाबराव उभे राहून वाट बघत होते की आता बाई जरा सैल बसेल, पाय पसरेल. ती बसेना. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की घरात अजून एक पुरुष उभा आहे.

ते पिशवी घेऊन बाहेर पडले. दार ओढून घेतलं. गाडीला किक मारायच्या आधी अंगणात थोडं थांबले, तेव्हा आतून टीव्हीचा आवाज वाढत वाढत चांगला मोठा झाला.

लोणारला पोचले तेव्हा तीन वाजले होते. एवढ्या लवकर ते कधी घरी येत नसत. उघड्या खिडकीतून त्यांना दिसलं, गोजरबाई दिवाणावर लोडाला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या, मांडीवर शेंगदाण्याची ताटली, टीव्हीवर काहीतरी बघत एकट्याच हसत होत्या. अशा बसलेल्या बायकोला आपण शेवटचं कधी बघितलं हे पंजाबरावांना आठवेना. एकदाही बघितलं होतं की नाही, तेही आठवेना.

त्यांची चप्पल वाजली. दारातून आत पाऊल टाकेपर्यंत गोजरबाई उठून उभ्या होत्या. ताटली गायब, आवाज बारीक, रिमोट उशाशी.

"लवकर आले आज? पानी आनते."

"बस," पंजाबराव म्हणाले.

"काऊन? काय झालं?"

"काही नाही झालं. तू बस. पाहात होती ते पाहा."

गोजरबाईंनी त्यांच्याकडं नीट निरखून बघितलं. पुढं होऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप तं नाही," म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्याच.

दिवाणावरची चादर त्या बसल्या होत्या तिथं अजून दबलेली होती. पंजाबरावांनी रिमोट उचलून त्या जागेवर ठेवला, टीव्हीचा आवाज पहिल्यासारखा केला आणि स्वतः खाली जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसले. गुडघे ठणकत होते. गोजरबाई तांब्या घेऊन आल्या, नवऱ्याला खाली बसलेलं बघून दारातच थबकल्या. तांब्या पंजाबरावांच्या हातात दिला, आणि मग त्याही जमिनीवर, त्यांच्यापासून हातभर मागं सरकून बसल्या.

दिवाण रिकामाच राहिला.